'प'चे दोन तुकडे

परभणीतला 'प' संगणकाच्या लेखी अक्षर नव्हे, आकडा आहे: युनिकोडमध्ये २३४६. एका बाइटात मात्र ० ते २५५ एवढेच मावते. मग आकडा फोडायचा. २५६ने भागा; भागाकार ९, बाकी ४२. झाले दोन बाइट! 'सी' भाषेत भागाकारासाठी आकडा आठ बिट उजवीकडे सरकवतात, बाकीसाठी २५५ची चाळणी लावतात. असे फोडले की उत्तर कुठल्याही यंत्रावर तेच.

पण पॉइंटरने थेट मेमरीत डोकावलात तर? इंटेलचे प्रोसेसर धाकट्याला पुढे बसवतात: आधी ४२, मग ९. इंटरनेटचा रिवाज थोरल्याला आधी मान देण्याचा. आमच्याकडे मराठी पाटी डावीकडून वाचतात, उर्दू उजवीकडून. लिपी दिसताच दिशा कळते. बाइटांच्या कपाळावर तसे काही लिहिलेले नसते. उलटे वाचले की १०७६१ होतात आणि बिचाऱ्या 'प'च्या जागी गुणाकाराची फुली उमटते. अख्ख्या कवितेचे काय होईल, कल्पना करा!

म्हणून अशा फाइलीच्या आरंभी पुष्कळदा ६५२७९ हा खुणेचा आकडा ठेवतात. उलटा वाचला तर ६५५३४ येतो, आणि तो युनिकोडने कुठल्याच अक्षराला दिलेला नाही.