पाठ ११ : गाव हीच शाळा

मित्रांनो, घरातलं हीटिंग बंद पडलं की दुरुस्तीला माणूस येतो, ते तुम्ही पाहिलं असेल. कधी कधी त्याच्याबरोबर सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते. ती हत्यारं हातात देते, बघते, प्रश्न विचारते. ती नुसती मदतनीस नाही. ती 'आत्सुबी' आहे, म्हणजे शिकाऊ कामगार.

जर्मनीतल्या या शिक्षणाला आउसबिल्डुंग म्हणतात. साधारणपणे आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जायचं आणि बाकीचे दिवस प्रत्यक्ष कामावर. शिकता शिकता दरमहा पैसेही मिळतात. दोन ते साडेतीन वर्षांनी परीक्षा होते. बेकरीपासून विमानाच्या दुरुस्तीपर्यंत तीनशेहून जास्त व्यवसाय असे शिकता येतात.

मग हीच पद्धत भारतातल्या किंवा आफ्रिकेतल्या एखाद्या लहान गावात जशीच्या तशी नेली तर? तिथे लगेच अडचण येते. आउसबिल्डुंगसाठी शिकाऊ मुलांना ठेवून घेणारे कारखाने आणि दुकानं लागतात. ज्या गावात कारखानाच नाही, तिथल्या मुलांनी काम शिकायचं कुठे?

या प्रश्नाचं एक उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात सापडतं. पाबळ शिरूर तालुक्यात आहे. पाऊस कमी, शेती बेभरवशाची. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ होते. त्यांनी अमेरिकेत पीएच.डी. केली होती आणि मुंबईत एका मोठ्या कंपनीत संशोधन केलं होतं. ती नोकरी सोडून ते पाबळला राहायला आले आणि १९८३ साली त्यांनी तिथे 'विज्ञान आश्रम' सुरू केला.

कलबाग सरांचा विचार सोपा होता. कारखाना नसला म्हणून काय झालं? गावाला रोज लागणारी कामं तर आहेतच! कुणाचा नांगर मोडतो, कुणाला गोठा बांधायचा असतो, कुणाच्या घरी वायरिंग करायचं असतं. ही कामं मुलांनी करायची, त्याचे पैसे घ्यायचे आणि त्यातूनच विज्ञान आणि गणित शिकायचं. म्हणजे गाव हीच शाळा.

आश्रमात राहून एका वर्षाचा अभ्यासक्रम करता येतो. त्याचे चार भाग आहेत: वर्कशॉप आणि बांधकाम, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. प्रत्येक मुलाला आणि मुलीला चारही भाग शिकावे लागतात. मुली वेल्डिंग करतात आणि मुलगे स्वयंपाकघरात चिक्की बनवतात. शाळा मधेच सुटलेली मुलंही इथे येतात. पुढे हीच पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक शाळांमध्ये गेली. तिथे आठवड्यातला एक दिवस हाताने काम करण्याचा असतो, आणि शिकवायला गावातलेच कारागीर येतात.

२००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या प्रसिद्ध संस्थेच्या मदतीने पाबळला 'फॅब लॅब' सुरू झाली. संगणकावर आकृती काढायची आणि यंत्राने ती वस्तू कापून घ्यायची, अशी ही प्रयोगशाळा. एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या जगातल्या पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक होती.

आता तुमच्याविषयी. जर्मनीतल्या शाळांमध्ये आफ्रिकेतल्या किंवा भारतातल्या गावासाठी निधी गोळा करतात. केक विकून पैसे जमवतात, जुनी शिलाई मशीन पाठवतात. मदत करावीच. पण आधी तीन प्रश्न विचारा. मशीन बिघडली तर तिथे दुरुस्त कोण करेल? शिकवणारा माणूस त्याच भागातला आहे का? आणि शिवलेले कपडे गावात कोण विकत घेईल? उत्तरं मिळाली नाहीत, तर मशीन कोपऱ्यात धूळ खात पडते. उत्तरं मिळाली, तर एक मशीन चार जणांना रोजगार देते.

अजून एक गोष्ट. "अभ्यासात कच्चा आहे ना, मग हातकाम शिकू दे," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. कदाचित तुमच्या घरीही ऐकलं असेल. पण कलबाग सर तर स्वतः पीएच.डी. झालेले! हात कामाला लागले की डोकंही कामाला लागतं, असं ते मानत. पुढच्या वेळी हीटिंग दुरुस्त करायला कुणी आलं, तर त्या आत्सुबीला एक प्रश्न जरूर विचारा: "हे तू कसं शिकलीस?"

शब्दार्थ
बेभरवशाची – जिच्यावर विसंबून राहता येत नाही अशी
गोठा – गाई-म्हशींना बांधण्याची जागा
कारागीर – हाताने वस्तू बनवणारा कुशल माणूस
धूळ खात पडणे – न वापरता तसंच पडून राहणे
सर्रास – नेहमी, सगळीकडे

प्रश्न
१. आउसबिल्डुंग पाबळला जशीच्या तशी का नेता आली नसती?
२. 'गाव हीच शाळा' म्हणजे काय? दोन उदाहरणं द्या.
३. तुमच्या आजी-आजोबांना फोन करा. त्यांच्या गावात कोणकोणते कारागीर होते ते विचारा आणि पाच वाक्यं लिहा.