स्टिअरिंग ढिले झाले? आधी दोष शोधा, मग पाना उचला

जून उजाडला की मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी खेड्यापाड्यांतली माणसे औरंगपुऱ्यात येतात. कुणी एसटीने, तर कुणी घरच्या जुन्या जीपने. समोर शाळा सुटलेली पोरे, बाजूला सायकली नि हातगाड्या. अशा वेळी स्टिअरिंग फिरवावे आणि चाके वळूच नयेत, तर? शेताच्या वाटेवर चालून गेलेली ढिलाई इथे कुणाच्या तरी जिवावर बेतते. कन्नडचा औट्रम घाट उतरताना तर विचारूच नका!

ढिलाई किती चालते? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ वा नियम सांगतो की, स्टिअरिंगचा रिकामा खेळ ३० अंशांहून जास्त नसावा. घड्याळात बारापासून एकपर्यंत असते तेवढे हे अंतर. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर ते सुमारे साडेदहा सेंटिमीटर भरते. पण ही शेवटची हद्द झाली. तिथवर वाट पाहू नये.

पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या जीपची तपासणी घरच्या दोघांना करता येते. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. पुढची चाके सरळ ठेवून एकाने स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने बाजूने वाकून स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंतचा एकेक सांधा पाहावा. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी जागची हलत नाही, तो झिजलेला. बॉक्सचे बोल्ट चेसीवर सैल झालेत का, तेही पाहा.

मग पुढचे चाक जॅकवर उचला आणि खाली भक्कम टेकू द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ थांबला तर बेअरिंग सैल आहे. तरीही राहिला तर किंगपिन झिजली असण्याचा संभव.

पुष्कळ जण आधी बॉक्सवरचा स्क्रू आवळून मोकळे होतात. ही खोड वाईट. बॉक्समधले दाते मधोमध जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. तिथली ढिलाई काढायला स्क्रू फार आवळला, की वळणावर स्टिअरिंग जड होते आणि आपसूक सरळ येत नाही. शिवाय झिजलेला टायरॉड एंड तसाच राहतो.

म्हणून आधी झिजलेला भाग बदलावा, नटाला नवी स्प्लिट पिन घालावी, फाटलेले रबर बदलावे, ग्रीस भरावे. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. बॉक्सचे काम शेवटी, तेही जाणत्या मिस्त्रीकडूनच.

पेरणीपूर्वी आपण तिफण तपासतो. घरच्यांना घेऊन शहराकडे निघण्याआधी जीपलाही अर्धा तास द्यावा.