पऱ्हाटी आणि यकृतका

वाशीम, कारंजा, मंगरुळपीर या मुलखात पऱ्हाटी कोणास दाखवावी लागत नाही. यकृतका मात्र दाखवावी लागते. पावसाळ्यात भिंतीच्या कडेला, सावलीतल्या ओल्या मातीवर रुपयाएवढी हिरवी चकती चिकटलेली असते. दर फाट्याला तिचे दोन-दोन भाग होत जातात. ती रिक्सिया नावाची यकृतका. आम्ही वनस्पतिशास्त्र शाळेत शिकलो नाही. कामगारांच्या सभेची वाट पाहत जिनाच्या भिंतीशी बसलो असता ही चकती नजरेस पडली, आणि मग पुस्तके धुंडाळली.

पऱ्हाटीस मूळ आहे, खोड आहे, पाणी वर नेणाऱ्या नळ्या आहेत. यकृतकेस यांपैकी काही नाही. माती धरून राहण्यास एकेका पेशीचे धागे तेवढे. म्हणून ती जमीन सोडून वर उठत नाही. कापसाचा तंतूही एकाच पेशीचा, पण तो सरकीच्या सालीवर वाढतो. यकृतकेस बीजच नाही. तिचा प्रसार धुळीसारख्या बीजुकांनी होतो.

खरा भेद संसाराच्या रीतीत आहे. यकृतकेची नरपेशी दोन शेपट्यांच्या बळावर पाण्यात पोहत स्त्रीपेशीस गाठते. पाण्याचा पातळ थर नसेल तर सारे खुंटले. पऱ्हाटीची नरपेशी पोहत नाही. परागकण त्याच फुलात अथवा मधमाशीच्या अंगावरून कुक्षीवर पडतो. त्यातून नळी फुटते आणि नरपेशींस बीजांडापर्यंत नेते.

आता गंमत पाहा. ज्या थेंबावाचून यकृतकेचे चालत नाही, तोच थेंब सकाळी उमललेल्या पऱ्हाटीच्या फुलात शिरला, तर पराग पाणी शोषून फुटतात आणि बोंड धरत नाही. भाद्रपदाच्या झडीत शेतकरी आभाळाकडे पाहतो तो उगीच नव्हे. बोंड नाही तर कापूस नाही, कापूस नाही तर जिनास काम नाही, आणि तेथे रोजाने राबणाऱ्याच्या घरी त्याची झळ पोहोचते.

जमिनीवरील वनस्पतींची जीवाश्म बीजुके सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीची सापडतात; फुलझाडांचे अवशेष सुमारे १३ कोटी वर्षांचे. पुस्तके यकृतकेस खालची आणि फुलझाडास वरची म्हणतात. परंतु रिक्सियाच्या काही जाती उन्हाळ्यात वाळून पडतात व पहिल्या पावसाने पुन्हा हिरव्या होतात; वाळलेली पऱ्हाटी उठत नाही. प्रत्येकीने आपापली अडचण आपल्या परीने सोडवली आहे. येत्या पावसाळ्यात श्रोत्यांनी भिंतीशी क्षणभर वाकून पाहावे, एवढीच आमची विनंती.