गाण्यांतलं शास्त्र (भाग ५) : गच्चीवर कोण होतं?

लिओनार्ड कोहेनचं ‘हालेलुया’ ऐकताना पवित्र शास्त्र वाचलेला माणूस दुसऱ्या कडव्यापाशी थबकतो. गाण्यात एक स्त्री गच्चीवर न्हाते आहे. शास्त्रात मात्र, २ शमुवेलच्या ११व्या अध्यायात, गच्चीवर आहे तो दावीद राजा. संध्याकाळी बिछान्यावरून उठून तो महालाच्या गच्चीवर फेऱ्या घालतो आणि तिथून त्याला बथशेबा दिसते. ती कुठे न्हात होती, हे शास्त्र सांगतच नाही.

ही कोहेनची चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. तो १९३४ साली मॉन्ट्रियलच्या ज्यू घराण्यात जन्मला. आईचे वडील रब्बी होते, तालमूदचे अभ्यासक. या गाण्याची ढीगभर कडवी त्याने लिहिली आणि काढून टाकली. इतकं घासूनपुसून जे उरलं, त्यातला बदल जाणूनबुजून केलेला आहे असं धरूनच मी हे गाणं वाचतो.

गेल्या आठवड्यात आपण ‘गीतरत्न’ पाहिलं. दोन प्रेमिकांची ती गाणी, पण परंपरेने ती देव आणि इस्राएल यांची म्हणून वाचली. इथे प्रवास उलटा आहे. देवाच्या स्तुतीचा शब्द एका मोडलेल्या संसाराच्या स्वयंपाकघरात येतो.

सुरुवात दावीदच्या वाद्यापासून होते. शौल राजाला दुष्ट आत्मा छळू लागला की दावीद वीणा वाजवायचा आणि शौलला उतार पडायचा, ही १ शमुवेलमधली गोष्ट. कोहेन त्या वादनाचं रहस्य सांगायला बसतो आणि चौथ्या, पाचव्या स्वरसंघाचं नाव घेतो, तेव्हा साथीला नेमका तोच स्वरसंघ वाजत असतो. शब्द आणि सूर एकाच वेळी एकच गोष्ट सांगतात. पेटीवर मध्यम आणि पंचमावरचे स्वरसंघ धरून बघा, बोटांनाच ते कडवं कळेल.

मग गच्ची येते, आणि त्याच कडव्यात, श्वास न घेता, दावीदचा शमशोन होतो. त्याला खुर्चीला बांधलं जातं, त्याचं सिंहासन मोडतं, केस कापले जातात. सिंहासन दावीदचं, केस शमशोनचे. खुर्ची दोघांचीही नाही. ती साध्या घरातली, स्वयंपाकघरातली आहे. शास्ते या पुस्तकात दलीला शमशोनला मांडीवर निजवते आणि माणूस बोलावून त्याच्या सात बटा काढवते. या कामासाठी पलिष्टी सरदारांनी तिला प्रत्येकी १,१०० रुपये, म्हणजे चांदीची नाणी, कबूल केलेली असतात. गाण्यात सरदार नाहीत, चांदी नाही, न्हावीही नाही. ती स्वतःच कापते.

कोहेनने काय घातलं यापेक्षा काय काढलं ते पाहा. शास्त्रातल्या दोन्ही कथांत तिसरा माणूस आहे. शमशोनच्या कथेत दाराआड दबा धरून बसलेले पलिष्टी आहेत, दावीदच्या कथेत बथशेबाचा नवरा उरीया. कोहेनने दोघांनाही बाहेर काढून दार लावून घेतलं. खोलीत उरले फक्त दोघं. म्हणून हे प्रेमगीत झालं. सत्ता असलेला राजा आणि सगळं गमावलेला बलदंड एकाच ‘तू’मध्ये मिसळले, कारण प्रेमात जिंकणारा आणि बांधला जाणारा बहुधा एकच माणूस असतो.

पण याची किंमत बथशेबाने मोजली आहे, आणि ते मला बोचतं. गाण्यात तिचं सौंदर्य त्याला पाडतं. शास्त्रात राजा माणसं पाठवून तिला आणवतो, मग उरीयाला ऐन लढाईच्या तोंडी उभं करून मारवतो, आणि नाथान संदेष्टा दोषाचं बोट ठेवतो ते एकट्या दावीदवर. बथशेबाला तिथे कुणी बोल लावत नाही. कोहेनच्या गाण्यावर माझं मनापासून प्रेम आहे. तरी त्या ओळीपाशी मी शास्त्राच्या बाजूने उभा राहतो.

१९८४च्या ‘व्हेरिअस पोझिशन्स’ या अल्बमात हे गाणं आलं. तेव्हा कंपनीने तो अमेरिकेत काढायलाही नकार दिला होता. पुढे जॉन केल आणि जेफ बकलीने गाऊन ते जगभर नेलं, पण त्यांनी वेगळी कडवी निवडली. त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रणातलं तिसरं कडवं अनेकांच्या कानावरच आलेलं नाही. माझ्या मते गाण्याचा जीव तिथे आहे.

त्या कडव्यात ती त्याच्यावर आरोप करते की तू देवाचं नाव व्यर्थ घेतलंस. हा दहा आज्ञांपैकी एकीचा भंग. ज्यू परंपरेत देवाचं चार अक्षरी नाव उच्चारतच नाहीत, वाचतानाही त्याजागी ‘अदोनाय’ म्हणतात. पण ‘हालेलू’ म्हणजे स्तुती करा आणि ‘याह’ म्हणजे त्याच नावाचं लघुरूप. म्हणजे आपण भाबडेपणाने गुणगुणतो त्या धृपदातच ते नाव बसलेलं आहे. आरोप पोकळ नाही.

आणि गाणाऱ्याचं आडनाव कोहेन. हिब्रूत त्याचा अर्थ याजक. यरुशलेमच्या मंदिरात वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, ते पूर्ण नाव उच्चारायचा मुख्य याजक याच वंशातला असे. मंदिर पडलं, उच्चार हरवला. गाण्यातला माणूस तिला उत्तर देतो की मला तर ते नाव ठाऊकसुद्धा नाही. आणि लगेच धृपदात ते चार वेळा घेतो.