शंखपुष्पी : दवाखान्याच्या अंगणात लावावी अशी वनस्पती

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात 4 मेध्य रसायने सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा स्वरस, यष्टिमधूचे चूर्ण, गुडूचीचा रस व शंखपुष्पीचा कल्क. कल्कासाठी ओले द्रव्य श्रेष्ठ होय. आपण मात्र बाजारातील शुष्क भरडीवर विसंबतो, आणि भरडीवरून द्रव्याची ओळख पटत नाही. शंखपुष्पी या नावाने विष्णुक्रांता, केरळात गोकर्ण, तर बंगालमध्ये कॅन्स्कोरा वापरली जाते. आयुर्वेदिक औषधिकोशास अभिप्रेत आहे ते कॉन्व्होल्व्ह्युलस प्लुरिकॉलिसचे पंचांग.

ही वनस्पती बहुवर्षायू, ठेंगणी व जमिनीलगत पसरणारी असते. पाने लहान व अरुंद, त्यांवर चंदेरी रेशमी लव. फुले पांढरी ते फिकट गुलाबी. निळी फुले आल्यास ती विष्णुक्रांता समजावी.

बुलढाणा जिल्ह्यातील काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून मातीत मुरूम किंवा वाळू मिसळून उंच वाफा करावा अथवा कुंडी वापरावी. तज्ज्ञाने ओळख पटविलेल्या झाडाचेच बी मृगाच्या पावसावर पेरावे. जागा भरपूर उन्हाची असावी. रोप स्थिरावल्यावर बेताचे पाणी व वेळोवेळी निंदणी एवढी निगा पुरते.

फुलोऱ्यात ओळख पुन्हा पडताळून मगच पंचांग काढावे. ते मुळासह काढावे लागत असल्याने काही झाडे बियांसाठी अवश्य राखावीत. औषधी दुकानदारांनी व निर्मात्यांनी सावलीत वाळविलेला असा एक खात्रीचा नमुना खरेदीच्या मालाशी ताडून पाहण्यासाठी जवळ ठेवावा. द्रव्यच निराळे असेल, तर शास्त्रोक्त मात्रा व अनुपान यांचा रुग्णास काय उपयोग?