बाळाचं पहिलं वर्ष आणि आपला विहार : हिंगोलीतल्या तरुण आई-बाबांसाठी

मराठवाड्यातल्या खेड्यांत बाळाच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी ‘पाचवी’ पुजायची पद्धत होती, अजूनही आहे. सटवी येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, अशी समजूत. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर, २२ प्रतिज्ञा घेतल्यानंतर, आपल्या घरांतून सटवी गेली. ते योग्यच झालं. बाळाचं भविष्य कुणी देवी लिहीत नाही. ते दूध, लस, स्वच्छता, शिक्षण आणि माणसांची साथ यांतून घडतं.

पण एका गोष्टीचा विचार आपण फारसा केला नाही. पाचवीच्या निमित्ताने शेजारच्या आठ-दहा बाया बाळंतिणीभोवती जमायच्या. कुणी बाळाला हातात घ्यायचं, कुणी ‘दूध पुरतंय का गं?’ असं विचारायचं. पूजा बंद झाली, तसं हे जमणंही हळूहळू बंद झालं. त्या जागी आपण नामकरण संस्कार आणला, परित्राण पाठ आणला. तो एक दिवस छान पार पडतो. बाकीच्या ३६४ दिवसांचं काय?

हा लेख त्या दिवसांबद्दल आहे. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या आपल्या पाच तालुक्यांतल्या वस्त्यांमध्ये नव्या आई-बाबांनी एकमेकांना आधार कसा द्यायचा आणि त्यात विहाराने व तरुण कार्यकर्त्यांनी काय करायचं, हे इथे समजून घेऊ.

हा प्रश्न आपला का आहे?

आपल्या इतिहासात बाळाच्या पहिल्या वर्षाचं दुःख फार जवळचं आहे. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामायेचं निधन झालं आणि मावशी महाप्रजापती गौतमीने त्याला वाढवलं. म्हणजे तथागतांचं बालपणच दुसऱ्या स्त्रीने दिलेल्या आधारावर उभं राहिलं. रमाई आणि बाबासाहेबांच्या पाच अपत्यांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली. राजरत्न गेला ते साल १९२६.

दोनच वर्षांनी, १९२८ साली, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार स्त्रीला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. पुढे १९२९ चा मुंबई मातृत्व लाभ कायदा झाला. १९६१ च्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीमुळे पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली.

पण हळदीच्या शेतात, कापूस वेचणीला किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या आईला ही रजा कोण देणार? तिच्यासाठी रजा म्हणजे बुडालेली मजुरी. त्यामुळे सव्वा महिना होतो न होतो तोच बाळ झोळीत आणि आई कामावर, असं चित्र दिसतं. ऊसतोडीला जाणारं जोडपं असेल तर ‘कोयत्या’ची उचल आधीच घेतलेली असते. दिवाळीनंतर गाव सोडावंच लागतं. कायदा जिथे पोहोचत नाही तिथे समाजाने पोहोचायचं, एवढाच याचा अर्थ.

एकमेकांच्या आधाराने खरंच फरक पडतो का?

पडतो. याचे पुरावे आहेत.

पहिला पुरावा आपल्या महाराष्ट्रातला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचं प्रशिक्षण दिलं. वजन करणं, बाळाला ऊबदार ठेवणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं, हे गावातल्याच बाईने शिकून केलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. १९९९ साली हे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. आज आशाताई घरी येऊन बाळ तपासतात, ती योजना याच कामातून उभी राहिली.

दुसरा पुरावा झारखंड आणि ओडिशातला. तिथे ‘एकजुट’ संस्थेने बहुसंख्य आदिवासी असलेल्या गावांत स्त्रियांच्या मासिक बैठका घेतल्या. भाषणं नाहीत. गोष्टी सांगायच्या, चित्रांची कार्डं मांडायची, ‘आपल्या गावात बाळं का जातात?’ यावर बोलायचं, मग आपणच उपाय ठरवायचे आणि पुढच्या बैठकीत ते जमले का ते पाहायचं. तीन वर्षांत या गावांमध्ये नवजात मृत्यू इतर गावांच्या तुलनेत ३२ टक्क्यांनी कमी आढळले. तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्यही निम्म्याहून कमी दिसलं. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले.

पण प्रत्येक ठिकाणी असं झालं नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत अशाच गटांचा प्रयोग झाला, तिथे नवजात मृत्यूंत घट दिसली नाही. २०१३ साली अशा सात अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात दिसलं की जिथे गरोदर स्त्रियांपैकी किमान ३० टक्के बैठकीला येत होत्या, तिथे परिणाम ठळक होता. कार्यकर्त्यांनी यातून घ्यायचा धडा सोपा आहे. फलक लावून, फोटो काढून गट चालत नाही. ज्यांच्या घरात बाळ आहे किंवा येणार आहे, ती माणसं बैठकीत बसली पाहिजेत.

विहारात पालक मंडळ कसं सुरू करायचं?

आपल्याकडे जागा आहे. वस्तीवस्तीत विहार आहे आणि तो बहुतेक दिवस बंद असतो. महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या वंदनेनंतर, एक तास पुरे.

- कोण : एक वर्षाच्या आतलं बाळ असलेली सहा ते दहा जोडपी आणि शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर ताई. दोन-तीन अनुभवी आज्या आणि आशाताई किंवा अंगणवाडीताई यांना बोलवा.
- बसायचं कसं : सतरंजीवर, गोलात, बाळं मांडीवर. व्यासपीठ नको, हार-सत्कार नको.
- बोलायचं काय : या महिन्यात काय अवघड गेलं, हे प्रत्येकाने सांगायचं. मग एकच विषय घ्यायचा. शेवटी पुढच्या महिन्यात कोण कुणाला काय मदत करणार, ते वहीत लिहायचं.
- नियम : कुणाच्या बाळाची तुलना नाही. मुलगी झाली म्हणून कुत्सित बोलणं नाही. सिझर झालं, दूध कमी येतं, म्हणून आईला दोष नाही. गटात ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही.

हा शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. चहाच्या टपरीवर एकदा चर्चा झाली की पुढच्या पौर्णिमेला कुणी तोंड उघडणार नाही.

पहिल्या वर्षाचा हिशोब

*पहिले ४२ दिवस.* दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या आहेत. भेट झाली का, हे मंडळातल्या एका जोडप्याने विचारायचं. या दिवसांत आईला सर्वांत जास्त हवी असते ती झोप आणि गरम जेवण. पाच घरांनी आळीपाळीने डबा दिला तरी एका घरावर आठवड्यातून एक-दोन दिवसच येतात. बाळाला फक्त आईचं दूध. मध, साखरपाणी, बाळगुटी नको, डोळ्यांत काजळ नको, नाळेवर राख किंवा तेल नको. आजी प्रेमानेच हे करते. म्हणून तिच्याशी वाद न घालता तिला मंडळात आणा. आशाताईंनी समोर बसून सांगितलेलं ती ऐकते.

धोक्याच्या खुणा प्रत्येक बापाला तोंडपाठ हव्यात : बाळ दूध ओढत नाही, फार सुस्त पडलं आहे, अंग तापलं आहे किंवा गार पडलं आहे, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आहे, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, नाळेतून पू येतो. यातली एक जरी खूण दिसली तरी उतारा, अंगारा, ‘सकाळी बघू’ हे सगळं बाजूला. १०८ ला फोन करायचा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि ने-आण जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. वस्तीत रात्री निघू शकतील अशा दोन गाडीवाल्यांचे नंबरही विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

*दीड महिना ते सहा महिने.* ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी चुकवायच्या नाहीत. लस घेतल्यावर ताप येतो तेव्हा नवी आई घाबरते. आधीच्या महिन्यात त्यातून गेलेली मैत्रीण शेजारी असेल तर ती घाबरत नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत वरचं पाणीसुद्धा नको.

*सहा ते नऊ महिने.* आता आईच्या दुधासोबत घट्टसर वरण-भात, कुस्करलेली भाजी, अंडं. पातळ वरणाच्या पाण्याने पोट भरतं, वजन वाढत नाही. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा. जुलाब झाले तर दूध आणि जेवण बंद करायचं नाही. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे मिळतं.

*नऊ ते बारा महिने.* नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस. तीन-चार वेळा जेवण. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून ते कार्डावर लिहून घ्यायचं. बाळाशी बोलणं, त्याला गाणी म्हणून दाखवणं, आरशात दाखवणं, हेही पोषणच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

बाबा कुठे आहेत?

बाळाचं सगळं बाईनेच बघायचं, असं आपल्या चळवळीतले तरुणही मानतात, हे कबूल करायला हवं. जयंतीच्या मिरवणुकीत रात्रभर जागणारा कार्यकर्ता बाळ रडलं की कूस बदलतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची कर्तव्यं सांगितली. पत्नीचा सन्मान करणं, तिचा अवमान न करणं, घरातला अधिकार तिच्याकडे सोपवणं, ही त्यातली काही. बाबासाहेबांनी स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजली. मग आपलं घर त्या मापाने मोजायचं की नाही?

रात्रीचं एक लंगोट बदलणं, बाळाला दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, लसीच्या दिवशी मजुरी बुडवून सोबत जाणं, आईला दिवसात दोन तास सलग झोपू देणं. एवढ्यापासून सुरुवात करा. मंडळात दर तिसऱ्या महिन्याला फक्त बाबांची बैठक घ्या. बाप झाल्यावरची भीती, कर्ज, कामाचा ताण याबद्दल तरुण मुलं कुठेच बोलत नाहीत. दारूकडे जाणारी एक वाट या न बोलण्यातूनच जाते. पाचवं शील पाळायचं असेल तर ही वाट आधीच अडवली पाहिजे.

आईचं मन

भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित अंदाज सांगतो की बाळंतपणानंतर साधारण पाचपैकी एका आईला नैराश्य येतं. सतत रडू येणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, बाळ झोपलं तरी झोप न लागणं, ‘मी चांगली आई नाही’ असं वाटत राहणं, जीव नकोसा होणं. हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. याला ‘बाहेरचं’ समजून देवऋषीकडे नेणं म्हणजे प्रतिज्ञा मोडणं तर आहेच, आईचा जीव धोक्यात घालणंही आहे. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव देण्याची भाषा असेल तर तिला एकटी सोडू नका, थेट दवाखान्यात न्या.

कार्यकर्त्यांसाठी पाच कामं

१. वस्तीतल्या गरोदर ताई आणि एक वर्षाच्या आतल्या बाळांची यादी करा, दर महिन्याला ती सुधारा.

२. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करून द्या. फॉर्मवरच्या धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिलं गेलं का, ते पाहा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पुढे सगळीकडे जन्मतारखेसाठी हाच दाखला लागणार आहे.

३. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. अनुसूचित जातीच्या स्त्रिया पात्र गटांत आहेत. बौद्धांना हा हक्क केंद्राच्या पातळीवर १९९० च्या दुरुस्तीने मिळाला. आधार, बँक खातं, जात प्रमाणपत्र बाळंतपणाआधीच तयार ठेवा.

४. ऊसतोडीला किंवा भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाचं माता-बाल कार्ड सोबत आहे का, ते निघण्याआधी तपासा. लस कोणत्याही गावात घेता येते. त्यांना फोनवरच्या गटात ठेवा. पौर्णिमेला एक आवाजी संदेश गेला तरी ‘आपल्याला कुणी विसरलं नाही’ हे त्यांना कळतं.

५. हळदीच्या आणि कापसाच्या हंगामात चार-पाच बाळांजवळ एक बाई थांबेल आणि तिची मजुरी बाकीच्या मिळून देतील, अशी सोय करा. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कामावर पाच लहान मुलं असली तर एक बाई सांभाळायला ठेवण्याची तरतूद याच विचाराने केली होती.

शेवटी

किसा गौतमी मेलेलं बाळ कवटाळून घरोघर मोहरी मागत फिरली. प्रत्येक दारात तिला आपल्यासारखंच दुःख भेटलं. आपण ही गोष्ट अनित्यतेचा धडा म्हणून सांगतो. पण ती दारोदार गेली तेव्हा प्रत्येक घराने तिला आपलं दुःख सांगितलं, हेही त्या गोष्टीत आहे. पालक मंडळ म्हणजे तेच, फक्त वेळेआधी. बाळ हातचं जाण्याआधी दार वाजवायचं आणि विचारायचं, ‘ताई, रात्री झोपलीस का?’

येत्या पौर्णिमेला आपल्या विहाराचं कुलूप उघडा. सतरंजी टाका. पहिल्या दिवशी दोनच जोडपी आली तरी चालेल.

जय भीम! नमो बुद्धाय!