केंद्रकाभोवतीचं कडं

सकाळी साडेआठ. पाषाणला रात्रभर पाऊस, छत्री अजून गळतेय. फ्रिजमधून काल रंगवलेल्या पाच स्लाइडी काढल्या. फॉइलमध्ये गुंडाळलेल्या, कारण या रंगांना उजेड सोसत नाही. पाचही स्लाइडींवर हेला पेशी आहेत. 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून, त्यांना न विचारता घेतलेल्या पेशींचा हा वंश. ‘हेला’ हे त्यांच्याच नावातलं. पेशींची बाटली उघडताना त्या बाईंची आठवण व्हायलाच हवी, असं मला वाटतं.

काल चार स्लाइडींना टीएनएफ दिलं होतं, अनुक्रमे 10, 20, 30 आणि 60 मिनिटं. पाचवीला काहीच नाही. टीएनएफ म्हणजे दाह सुरू करण्याचा सांगावा. तो आला की पेशीद्रवात अडकवून ठेवलेलं पी-65 हे प्रथिन सुटतं आणि केंद्रकात शिरतं. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1986 साली ज्या एनएफ-कप्पा-बीचं वर्णन केलं, त्याचाच हा एक भाग. पी-65 हिरवं चमकतं, केंद्रकं डॅपी या रंगामुळे निळी. किती हिरवं आत गेलं आणि किती बाहेर राहिलं, एवढाच प्रश्न.

नऊ वाजता अंधारी खोली. आधी 30 मिनिटांची स्लाइड लावली, कारण सगळ्यात झगझगीत तीच असणार. तिच्यावर एक्स्पोजर ठरवायचं आणि पाचही स्लाइडींना तेच ठेवायचं. आमच्या 16 बिटच्या चित्रात पिक्सेलचा आकडा 65,535 च्या वर जात नाही. तिथे टेकलेला पिक्सेल म्हणजे काठोकाठ भरलेलं भांडं, वरून किती सांडलं ते कळायला मार्ग नाही. फोकस निळ्यात धरायचा, जागाही निळ्यातच निवडायची. हिरव्याकडे बघून जागा निवडली की हात आपोआप ‘छान’ दिसणाऱ्या पेशींकडे वळतो, आणि निकाल तिथेच बिघडतो. शिवाय हिरवा रंग प्रकाशात विटतो, म्हणून त्याचं चित्र एकदाच. प्रत्येक स्लाइडीच्या दहा जागा.

साडेअकराला चहा. तेवढ्यात ज्युनियरने पन्नास चित्रांची नावं बदलून टाकली. “ताई, झालं. यादी माझ्या खणात आहे, संध्याकाळपर्यंत मागू नका.” आता कुठलं चित्र किती मिनिटांचं, हे मला माहीत नाही. तसंच हवं.

बारा ते दीड फिजी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड यांनी 1997 मध्ये इमेजजे हे चित्रं मोजायचं सॉफ्टवेअर आणलं, फिजी हे त्याचंच प्लगइन भरलेलं रूप. फुकट आहे, म्हणून तालुक्याच्या कॉलेजातला विद्यार्थीही हेच मोजमाप करू शकतो. निळं चित्र किंचित धूसर करायचं, ओत्सू पद्धतीने उंबरठा ठरवायचा, एकमेकांना चिकटलेली केंद्रकं वॉटरशेडने सुटी करायची, कडेला कापली गेलेली वगळायची.

मग कडं. पेशीची बाहेरची हद्द या चित्रात धड दिसत नाही. शेजारणी एकमेकींवर पाय पसरून बसलेल्या असतात. केंद्रकाची कड मात्र खात्रीची, म्हणून तिच्याभोवतीच बांगडीसारखा पट्टा आखायचा आणि त्यालाच पेशीद्रवाचा नमुना मानायचा. कडेला अगदी खेटून आखला तर केंद्रकाची झळाळी त्यात झिरपते. म्हणून एक मायक्रॉन सोडायचा आणि पुढचे दोन मायक्रॉन घ्यायचे. आमच्या वीसपट लेन्सवर एक पिक्सेल 0.325 मायक्रॉनचा, म्हणजे साधारण तीन पिक्सेल सोडून सहा पिक्सेल रुंदीचा पट्टा. दोन पेशींचे पट्टे जिथे एकमेकांवर चढतात, तेवढा तुकडा दोघींतूनही काढायचा. हे आकडे वहीत आठवड्यापूर्वीच लिहून ठेवलेत, चित्रं घेण्याच्या आधी.

दुसऱ्या वर्षाला असताना मी ब्राइटनेसच्या खिडकीत चित्र उजळ केलं आणि ‘अप्लाय’ दाबलं. स्लायडर सरकवला तर फक्त दिसणं बदलतं, अप्लायने पिक्सेलचे आकडेच बदलतात. तीन आठवड्यांची मापं बाद झाली. मूळ टिफ फाइली दुसऱ्या डिस्कवर होत्या म्हणून निभावलं. तेव्हापासून मूळ फोल्डर फक्त वाचण्यापुरता उघडा असतो.

डबा खाऊन अडीचला पुन्हा खुर्चीत. आता पार्श्वभूमी, आणि माझ्या मते खरी परीक्षा हीच. एका पेशीत केंद्रकाची सरासरी 1,840, कड्याची 620. सरळ भागाकार केला तर 2.97. पण जिथे पेशीच नाही त्या मोकळ्या जागेतही कॅमेरा 240 दाखवतो. तो दोन्हींतून वजा केला की 1,600 भागिले 380, म्हणजे 4.21. दुसऱ्या एका पेशीत केंद्रक 560, कडं 1,120. न वजा करता 0.5, वजा केल्यावर 0.36. म्हणजे पार्श्वभूमी तशीच राहू दिली तर आत गेलेलं कमी दिसतं, बाहेर राहिलेलं जास्त आत दिसतं, सगळंच 1 या आकड्याकडे सरकतं. खरा फरक त्यात बुजून जातो.

पाचला खण उघडला. यादी जुळवली. सुमारे 1,900 पेशी. तरी माझ्या हिशेबात आजचा दिवस एकच मोजला जाईल. एकाच दिवशी, एकाच बाटलीतून आलेल्या पेशी एकमेकींच्या सावल्या असतात. असे तीन स्वतंत्र दिवस झाल्याशिवाय मी आलेख कुणाला दाखवत नाही. आजचा तिसरा. ठिपके 30 मिनिटांपर्यंत चढलेत, 60 ला खाली यायला लागलेत. अडकवून ठेवणारं प्रथिन पेशी पुन्हा तयार करते, त्यामुळे असंच व्हायला हवं होतं.

पण काहीच न दिलेल्या स्लाइडीत एक ठिपका 1.1 वर एकटा बसलाय. चित्र उघडलं. विभाजनाच्या मध्यावरची पेशी. गुणसूत्रं मधोमध दाटून उभी, निळा लख्ख. तिथे केंद्रकाचं आवरणच विरलंय, आत-बाहेर हा प्रश्नच उरत नाही. तो ठिपका उचलून टाकणं एका क्लिकचं काम. पण या एका ठिपक्याला काढायचं तर नियम सगळ्यांना लावावा लागेल: डॅपीची सरासरी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आणि क्षेत्रफळ ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल ती पेशी बाद, पाचही स्लाइडींत आणि आधीच्या दोन दिवसांतही. साडेसहा वाजलेत. वहीत तारीख टाकून नियम लिहिला, ज्युनियरला सही करायला लावली, मॅक्रो बदलला आणि तिन्ही दिवसांची चित्रं पुन्हा पहिल्यापासून चालायला लावली. पडद्यावर पहिलं केंद्रक पिवळ्या रेषेत आलं, तेव्हा बाहेर पाऊस थांबलेला होता.